दशरथ घासाची पंगत

७ जानेवारी, बुधवार

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. माझ्या बाबतीत घोड्याच्या जागी गाई आल्या आहेत.

दुपारी कॅन्टीनमध्ये अजिंक्य ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसला, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. तो आमच्या प्लांटच्या पर्यावरण विभागाचा मॅनेजर. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान आहे, पण साहेब आहे. श्रीखंडाची वाटी पुढे ओढत म्हणाला, "सर, तुम्ही क्वालिटीचे. आकड्यांतलं तुम्हाला कळतं. ते गाईंचं प्रोजेक्ट तुम्हीच बघा ना."

मी ब्रेकचे पार्ट तपासणारा माणूस. गाय मी जवळून पाहिली ती दुधाच्या पिशवीवरच. पण नाही म्हणायची सोय नव्हती, कारण वरून आधीच ठरलं होतं.

प्रकरण असं आहे. कंपाउंडच्या मागच्या मोकळ्या पट्ट्यात गेल्या पावसाळ्यात कंपनीनं सुबाभूळ आणि दशरथ घास लावला. दोन्ही द्विदल चारा. हा चारा खाल्ला की गाईच्या पोटात मिथेन कमी तयार होतो आणि जनावराचं पोषणही सुधारतं, असं म्हणतात. म्हणजे हवा सुधारते आणि दूधही सुधारतं. हे आता आम्ही खऱ्या गाईंवर सिद्ध करायचं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मीटिंग आहे. फरक दिसला तर पट्टा कायमचा चाऱ्याला आणि चारा शेजारच्या वाडीतल्या सगळ्या गोठ्यांना. नाही दिसला तर तिथे ट्रक पार्किंग. ठेकेदार मुरूम टाकायला टपून बसलाच आहे.

बुधवारी आमच्या स्टाफच्या लाइनला श्रीखंड असतं. पलीकडच्या ठेकेदारीवरच्या कामगारांच्या लाइनला नसतं, त्यामुळे समोरच्या टेबलावरची पोरं आपल्या ताटाकडे बघत राहतात आणि निवांत जेवता येत नाही. आज तर त्यात अजिंक्यही होता. एवढं आवडतं श्रीखंड, पण चव कळली नाही.

११ जानेवारी, रविवार

गोठा ठरला. वाडीच्या टोकाला बरकतभाईंचा. पन्नाशीचा माणूस, बापजाद्यांपासून दुधाचा धंदा, बोलणं तोलून मापून. चाकणच्या निम्म्या हॉटेलांना यांचं दूध जातं. जमीन होती तिथे आता दोन्ही बाजूंना गोडाऊनं आहेत, त्यामुळे हिरवा चारा पिकवायला जागाच नाही.

"उन्हाळ्याला हिरवं मिळालं तर जनावरं राहत्याल," ते म्हणाले. "न्हाई तर दावणी सोडायच्या. गुरांचा व्यापारी दोनदा बघून गेलाय."

दहा संकरित गाई, पाच-पाचच्या दोन रांगा, तोंडं समोरासमोर, मध्ये चालायला वाट. मला तर हे फारच सोयीचं वाटलं. डावी रांग अ, उजवी रांग ब. अ रांगेला रोजच्या खाण्यात हिरवा चारा, ब रांगेला पूर्वीसारखाच कडबा आणि खड्ड्यात मुरवलेला मुरघास. पेंड दोघींना सारखी. मापात द्यायचं, कारण सुबाभूळ अति झाली तर जनावराचे केस झडतात म्हणे. प्रत्येक गाईच्या पाठीवर रंगानं नंबर टाकले, अ-१ ते ब-५.

यावर बरकतभाईंची बायको खैरुन्निसा माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी त्यांच्या लग्नाच्या साडीवर रंग सांडलाय. म्हणाली, "इसका नाम चांदणी हाय, भाऊ. ब-दोन नाही." मी म्हटलं, भाभी, कागदावर ब-दोन, गोठ्यात चांदणी.

आई बरोबर आली होती. वडील गेल्यापासून ती संत तुकाराम नगरच्या फ्लॅटमध्ये भिंतींशी बोलते, म्हणून म्हटलं जरा हवापालट होईल. तिनं सगळ्या गाईंच्या कपाळाला हात लावला. मग दोन्ही रांगांच्या मध्ये उभी राहून विचारलं, "ह्यांना हिरवं आन् ह्यांना न्हाई?" मी म्हटलं, हो, तेच तर प्रोजेक्ट आहे. त्यावर ती काही बोलली नाही. माझं बोलणं आईला पटकन पटलं असा हा गेल्या वर्षभरातला पहिलाच प्रसंग असेल.

१८ जानेवारी, रविवार

तनुजा आली. पशुवैद्यकीय कॉलेजात शिकते, मोजमाप तिच्याकडे आहे. हातात पिस्तुलासारखा मीटर घेऊन गाईच्या नाकाकडे धरते. गाय रवंथ करता करता ढेकर देते आणि मीटरवर आकडा उमटतो.

मिथेन तोंडातून बाहेर पडतो, हे मला आठवडाभरात ऑफिसमध्ये किमान वीस जणांना समजावून सांगावं लागलं. जो तो मागच्या बाजूचे विनोद करतो. पेंट शॉपचा फोरमन तर मला बघून नाक दाबतो. पंधरा वर्षं या कंपनीत मान राखून काम केलं, आणि आता ही अवस्था.

चारा सुरू करण्याआधीचे आकडे घेतले. दोन्ही रांगा जवळजवळ सारख्या. सुरुवात तरी क्वालिटीच्या नियमानं झाली.

१९ जानेवारी, सोमवार

आजपासून चारा सुरू. कंपनीच्या टेम्पोतून सकाळी सकाळी दशरथ घासाच्या आणि सुबाभळीच्या पेंढ्या पोहोचल्या. बरकतभाईंनी यंत्रावर बारीक कुट्टी करून अ रांगेच्या गव्हाणीत टाकली. अ रांगेनं अशी तोंडं घातली की वर बघितलंच नाही.

ब रांगेनं मात्र गोंधळ घातला. चांदणी तर दाव्याला हिसके देऊन हंबरत होती. खैरुन्निसाभाभी तिच्यापुढे कडबा टाकायला गेली आणि हात तसाच हवेत राहिला. मी म्हटलं, दोन दिवसांत सवय होईल. ती म्हणाली, "सवय तो होती है, भाऊ." आणि कडबा टाकून आत निघून गेली. लोक उगाच भावुक होतात.

२७ जानेवारी, मंगळवार

तनुजाचे पहिले आकडे आले आणि माझं डोकं फिरलं.

अ रांगेचा मिथेन खाली आला, ठीक आहे. पण ब रांगेचाही आला, आणि अगदी तेवढाच. ज्या गाईंना काहीच दिलं नाही त्यांचा का कमी झाला? मी तनुजाला म्हटलं, मीटर बिघडलाय. ती म्हणाली, सर, मीटर ठीक आहे, मी स्वतः तपासून आणलाय. मी म्हटलं, मग तुमचा हात हलला असेल. यावर तिनं मीटर पिशवीत घातला आणि गेली. आता तिला फोन करून माफी मागावी लागणार.

१ फेब्रुवारी, रविवार

आईला पुन्हा घेऊन गेलो. आता तिचं आणि खैरुन्निसाभाभीचं फारच गूळपीठ जमलंय. रोज दुपारी फोन असतो. मी खोलीत गेलो की दोघींचं बोलणं एकदम डाळीच्या भावावर येतं.

आज एक चांगलं झालं. पूर्वी ब रांग मला बघून हंबरायची, ती आता शांत असते. म्हणजे सवय झालीच, मी सांगितलं होतं तसं. फक्त आई आत शिरली की दोन्ही रांगा माना वर करतात. जनावरांनाही म्हातारी माणसं आवडत असावीत.

परत येताना आईनं गाडीत विचारलं, "तुमच्या कंपनीत समदी एकत्रच जेवत्यात ना रं?"

म्हटलं, एकाच हॉलमध्ये. फक्त लाइन दोन आहेत. मग बोलता बोलता बुधवारच्या श्रीखंडाचं सांगितलं, ती ठेकेदारीची पोरं कशी बघत बसतात तेही. आई खिडकीबाहेर बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "समोरच बसत्यात व्हय?" म्हटलं, हो, टेबलंच तशी मांडली आहेत. मोशीपासून तिनं पदर तोंडाशी धरला तो घरापर्यंत. गाडी लागत असावी.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज काम लवकर आटोपून गोठ्यावर गेलो. मागची दोन वर्षं ज्या पद्धतीनं कास्टिंगमधले दोष शोधले त्याच पद्धतीनं बसलो. माणूस, मशीन, माल, पद्धत. माल तपासला, चारा चांगला. मशीन तपासलं, कुट्टीचं पातं धारदार. पद्धत फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून लावली. माणसं राहिली, तर बरकतभाई धार काढतात आणि भाभी चारा टाकते. दोघंही नेकीची माणसं, तिथे शंकेला जागा नाही.

बरकतभाई मात्र खुशीत होते. "दूध घट्ट यायला लागलंय, राव. हॉटेलवाले विचारत्यात, काय घालताय म्हून."

"कोणत्या रांगेचं?"

"समद्याच गायांचं."

मी त्यांना समजावून सांगितलं की सगळ्याच गाईंचं दूध सुधारलं तर ती मोठी अडचण आहे. फक्त अ रांगेचं सुधारायला हवं. ते कप पुढे करत म्हणाले, "चहा घ्या." या माणसांपुढे मी हात टेकले आहेत.

९ फेब्रुवारी, सोमवार

अजिंक्यचा फोन. "सर, फरक दिसतोय ना? मला स्लाइड करायच्यात." उंटावरून शेळ्या हाकायला याच्याइतका लायक माणूस नाही. मी म्हटलं, फरक शून्य आहे. तो म्हणाला, शून्य म्हणजे किती?

रात्री जेवताना हे सगळं श्रद्धाला सांगितलं. माझी बायको बँकेत आहे, आकड्यांची तिला माझ्यापेक्षा जास्त सवय. ती म्हणाली, "आईंना विचारलंस का?" म्हटलं, आईला मिथेनमधलं काय कळतं? श्रद्धा हसली आणि ताटं उचलायला लागली. या घरात माझी अडचण म्हणजे सगळ्यांची करमणूक.

१५ फेब्रुवारी, रविवार

काखेत कळसा अन् गावाला वळसा. आज जे पाहिलं ते लिहायलाही हात उचलत नाही, पण लिहितो.

आई सकाळीच म्हणाली, मी विहारात जाते. गेली. मी घरात बसून कंटाळलो आणि चारा टाकतात त्या वेळेला, न कळवता, गाडी काढून वाडीला गेलो. गोठ्याच्या दारात पोहोचलो तर माझी आई आत. पदर खोचलेला, ओंजळीत कुट्टी. बसनं आली होती. अ रांगेच्या गव्हाणीतून हिरवं उचलायचं आणि वाट ओलांडून ब रांगेत टाकायचं. पलीकडून खैरुन्निसाभाभी ब रांगेतला कडबा उचलून अ रांगेत टाकत होती. दोघी समोरासमोर, अगदी शिस्तीत. वाटण्या इतक्या सारख्या की आमच्या स्टोअरमधला माणूसही तशा करू शकणार नाही.

मी विचारलं, हे काय चाललंय? भाभीनं डोक्यावरची ओढणी सारखी केली. आई थांबलीसुद्धा नाही.

"कधीपासून?"

"पैल्या दिसापास्नं," आई म्हणाली. "खैरूच करत हुती. मी आले की हात लावती."

मी ओरडलो. ओरडायला नको होतं, पण ओरडलो. म्हटलं, महिनाभराचं काम मातीत घातलंत. यावर पूर्ण पट्टा अवलंबून आहे. सगळ्या वाडीचा चारा. तुमच्या या दयेपायी सगळ्यांच्या दावणी रिकाम्या होतील, याच गाई बाजारात जातील.

भाभी म्हणाली, "भाऊ, हिरवं नसतंच तर सगळ्यांना कडबाच टाकला असता. पण हे तर समोर आहे. समोर बसवून एकाला द्यायचं आणि एकाला दाखवायचं, असा निवाला माझ्या हातानं होत नाही. मैं क्या करूं?"

मी आईकडे वळलो. म्हटलं, तू तरी.

आईनं हात झटकले. "धम्मा, मावळात आमच्या गावाला लगीन असलं की समदं गाव जेवायचं. आमची पंगत शेवटाला, उकिरड्याच्या कडंला. तिथनं मांडव दिसायचा. मी ल्हान हुते. भूक न्हवती एवढी बोचत. आमच्या म्होरं गरम बुंदी वाढत्यात आन् आमच्या पानात यायला काय उरतंय त्ये बघत बसायचं, त्ये बोचायचं. पंक्तिप्रपंच म्हंत्यात त्याला. माझ्या म्होरं जनावराचाबी व्हायचा न्हाई."

बरकतभाई दारात उभे होते. त्यांना सगळं ठाऊक होतं, हे त्यांच्या तोंडावरून स्पष्ट दिसत होतं. मी गाडीत येऊन बसलो. आई मागून आली. वाटेत मी रेडिओ लावला आणि तिनं बंद केला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

मला वाईट वाटतंय, आणि त्याचाच जास्त राग येतोय. आईनं ही गोष्ट मला एवढ्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. सांगितली ती कधी, तर माझं प्रोजेक्ट बुडवताना.

तनुजाला फोन केला, आधी तिचा हात हलला म्हटल्याबद्दल माफी मागितली. मग खरं सांगितलं. ती आधी खूप हसली आणि मग म्हणाली, "सर, म्हणजे मीटर बरोबरच होता. दोन्ही रांगांनी खाल्लं, दोन्ही रांगांचा कमी झाला." मी म्हटलं, हो, पण याला पुरावा म्हणत नाहीत. उद्या कुणी म्हणेल थंडीमुळे कमी झाला, कुणी म्हणेल मुरघास नवीन होता म्हणून झाला. न खाणारी गाय शेजारी असल्याशिवाय खाणाऱ्या गाईचं काही सिद्ध होत नाही. तिनं मान्य केलं.

अजिंक्य म्हणाला, ब रांगेचे आकडे थोडे वर करून टाका ना, सर. मी फोन ठेवला. पंधरा वर्षांत एक खोटा आकडा लिहिलेला नाही. गाईंसाठी सुरुवात करणार नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी बरकतभाईंकडे गेलो. मनात एकच विचार होता, हात जोडायचे आणि म्हणायचे, तीन आठवडे ब रांग कोरडी राहू द्या. हवं तर मध्ये ताडपत्री लावू, म्हणजे दिसणार नाही.

भाभी म्हणाली, "वास येतो, भाऊ. गायीला काय वास येत नाही?"

मी वैतागून म्हटलं, मग मी काय करू ते तुम्हीच सांगा. चारा टाकला नाही तर तुम्हाला पाप, आणि दोघींना टाकला तर माझं काम शून्य. उन्हाळ्यात या गाई व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये चढल्या की मग कोणाचं पाप?

बरकतभाई दारात उभे राहून आभाळाकडे बघत होते. चंद्र दिसतो का ते बघायचं होतं, दिसला की उद्यापासून रमजान. ते तसेच बघत म्हणाले, "उपाशी ऱ्हायला कुनाला वाईट वाटत न्हाई, राव. एकट्याला ऱ्हावं लागलं की वाटतं."

भाभी म्हणाली, "बंद करायचं तर सगळ्यांचं करा. आम्ही पण उद्यापासून तेच करतोय. सगळे रोजा धरतात म्हणून जमतं."

मी कपातला चहा तसाच ठेवून तनुजाला फोन लावला. सगळ्यांना एकदम बंद. महिनाभर दहाही गाई पूर्वीच्या खाण्यावर. ईदनंतर दहाही गाईंना पुन्हा सुरू. खाल्लं तेव्हा कमी, बंद केलं तेव्हा जास्त, पुन्हा दिलं तेव्हा पुन्हा कमी, असं झालं तर थंडीचा आणि मुरघासाचा काही संबंध राहत नाही. प्रत्येक गाईची तुलना तिच्या स्वतःशीच. तनुजा म्हणाली, "सर, असं करतात. खरं तर हेच आधी करायला हवं होतं."

हे वाक्य तिनं महिन्यापूर्वी म्हटलं असतं तर माझा बराच रक्तदाब वाचला असता.

४ मार्च, बुधवार

मिथेन वाढला. दहाही गाईंचा. मला आनंद व्हायला हवा आणि झालाही, पण गोठ्यावर तो दाखवायची सोय नाही.

दूध पुन्हा पातळ झालंय. हॉटेलवाले बरकतभाईंना बोलतात. चांदणी खाता खाता थांबून दाराकडे बघते, टेम्पो येतो का म्हणून. व्यापारी परवा तिसऱ्यांदा येऊन गेला, या वेळी त्यानं गाईंचे दात बघितले. बरकतभाई रोज्यानं सुकलेत. म्हणाले, "ईदपत्तर थांबतो. त्याच्या फुडं मला थांबता येनार न्हाई, धम्मरत्नभाऊ."

पट्ट्यातला घास कापायला आलाय आणि तसाच उभा आहे. मुरूमवाल्या ठेकेदाराचा माणूस फीत घेऊन कंपाउंड मोजत होता. विचारलं तर म्हणाला, साहेबांनीच सांगितलंय, अंदाज घेऊन ठेव. कोणत्या साहेबांनी, ते सांगेना. आज कॅन्टीनमध्ये जेवलोच नाही.

२१ मार्च, शनिवार. ईद

आई पहाटेच उठून तयार. श्रद्धाही आली. बरकतभाईंकडे शीरखुर्मा झाला. मला तो दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा होता, पण सगळ्यांना घाई गोठ्याची. टेम्पो दारात उभा होता.

कुट्टी झाली. मी टोपलं उचललं आणि सवयीनं अ रांगेकडे निघालो. आई मागून म्हणाली, "तिकडनं नगं. मधनं वाढत जा. दोन्ही हातांनी."

मग तसं वाढलं. वाटेच्या मधून, डाव्या हातानं एक मूठ, उजव्या हातानं एक मूठ. सरकता सरकता माझी पाठ धरली. पलीकडच्या टोकाकडून भाभी येत होती, तिच्या नव्या कपड्यांवर घासाची पानं चिकटली होती. शेवटच्या गाईच्या गव्हाणीत पडेपर्यंत पहिलीनं तोंड लावलं नाही, असं लिहायला मला आवडलं असतं, पण चांदणीनं टोपल्यातच तोंड घातलं. गोठ्यात बराच वेळ फक्त चावण्याचा आवाज होता. आई खांबाला टेकून उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

५ एप्रिल, रविवार

उतरला. दहाही गाईंचा मिथेन पुन्हा उतरला, जवळजवळ फेब्रुवारीतल्या जागी. दूध वर. तनुजानं मीटर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तुम्हीच घ्या शेवटचा, सर." मी चांदणीच्या नाकासमोर धरला. तिनं माझ्या तोंडावर ढेकर दिली. आकडा चांगला आला.

अहवालात खरं ते सगळं लिहिलं. पहिली पद्धत का फसली तेही लिहिलं. तनुजा म्हणाली, "कारण काय टाकायचं, सर?" बराच विचार करून लिहिलं की दोन गट समोरासमोर ठेवणं व्यवहार्य नव्हतं.

८ एप्रिल, बुधवार

मीटिंग झाली. पट्टा राहिला. मुरूम दुसरीकडे जाईल. वाडीच्या सगळ्या गोठ्यांना थोडा थोडा चारा मिळणार. अजिंक्य आधी म्हणत होता की पहिल्या टप्प्यात निम्मेच गोठे घेऊ. मी एकदम म्हटलं, घ्यायचे तर सगळे घ्या, वाटा लहान झाला तरी चालेल. हॉलमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले. आवाज जरा मोठा गेला असावा. पण मान्य झालं. बरकतभाईंना फोन केला तर त्यांनी तो लगेच भाभीच्या हातात दिला. ती म्हणाली, "चांदणीला सांगते."

मग अजिंक्य म्हणाला, चला सर, श्रीखंड. पार्टी.

ताट घेऊन नेहमीच्या जागी बसलो. समोर ठेकेदारीची पोरं. त्यातला एक बारीकसा, असेंब्लीवर असतो, दर बुधवारी तिथेच बसतो. तो डाळीत भात कालवत होता. त्यानं माझ्या वाटीकडे बघितलं आणि लगेच खाली बघितलं. आजवर मला वाटायचं ही पोरं टक लावून बघतात. ती बघत नाहीत. बघू नये म्हणून धडपडतात.

चमचा उचलला आणि ठेवला. पुन्हा उचलला. खाली जाईना. वाटी तशीच ठेवून काउंटरवर गेलो आणि कॅन्टीनवाल्याला विचारलं, हे सगळ्यांना थोडं थोडं पुरेल का. तो म्हणाला, "साहेब, ते वरून ठरतं." मी म्हटलं, मग वरून सगळ्यांचंच बंद करता येईल का. त्याला वाटलं मी तक्रार करतोय, त्यानं मला आणखी एक वाटी दिली.

अजिंक्यला सांगितलं की पुढच्या मीटिंगला हा विषय ठेवणार आहे. त्याचा चमचा तोंडातच राहिला. म्हणाला, "सर, आता हे पण?" म्हटलं, हे पण. ताट उचललं, पलीकडच्या लाइनला जाऊन डाळ-भात घेतला आणि त्या पोराशेजारी बसलो. तो अवघडून उठायला लागला. म्हटलं, बस रे बाबा, जेव.

घरी आल्यावर आईनं विचारलं, आज काय जेवलास. म्हटलं, डाळ-भात.

"आज बुधवार ना?"

म्हटलं, हो.

तिनं मला, श्रद्धाला आणि स्वतःला एकाच वेळी वाढायला घेतलं. एरवी ती आधी मला वाढते आणि स्वतः शेवटी जेवते.

या बाईनं माझे सगळे बुधवार बिघडवून ठेवले आहेत. पुढचा विषय मांडायला आकडे लागतील, आणि पलीकडच्या लाइनचे आकडे कंपनीत कुणी ठेवलेलेच नाहीत. म्हणजे तेही मलाच काढावे लागणार.